मालवणचं जुनं चिरेबंदी घर घ्यायचंय? आधी एक पावसाळा तिथे काढा

ताई, तुमचं म्हणणं मला नीट कळलंय का ते आधी सांगतो. तुम्ही दोघं सोलापूरचे, होटगी रोडला फ्लॅट आहे. यजमान मार्चमध्ये निवृत्त होतायत, दोन वर्षांपूर्वी त्यांना स्टेंट बसवलाय. मालवणच्या जुन्या वस्तीत, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर, नव्वदेक वर्षांचं कौलारू चिरेबंदी घर तुम्ही बघून आलात आणि ते मनात भरलंय. थंडीचे आणि उन्हाळ्याचे महिने तिथे राहायचं, पावसाळ्यात सोलापूरला परतायचं, आणि मधल्या काळात दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या, असा बेत आहे. ठेकेदार म्हणतोय की कौलं उतरवून स्लॅब टाका, भिंतींना सिमेंटचा गिलावा करा, पुढची पन्नास वर्षं बघायला नको. हा सल्ला बरोबर आहे का आणि सोलापूरच्या माणसाला तिथे राहणं मानवेल का, हे तुम्ही विचारलंय.

मी सिव्हिल इंजिनियर, काम जुन्या घरांच्या दुरुस्तीचं. लहानपण सोलापूरच्या बाळीवेशीतल्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात गेलं. पहिली बारा-तेरा वर्षं सोलापुरातच वाड्यांची आणि माळवदांची कामं केली. मग एका घराच्या कामासाठी मालवणला गेलो आणि पुढची सतरा वर्षं मालवण, देवगड, वेंगुर्ला याच पट्ट्यात राहिलो. आता परत सोलापुरात असतो, तरी दर मे महिन्यात दोन-तीन आठवडे तिकडे जाणं होतंच.

स्लॅब की कौलं, हा प्रश्न नंतरचा. तुमच्या बेतात मला खरी अडचण दिसते ती ‘पावसाळ्यात सोलापूरला परतायचं’ या तीन शब्दांत.

आपल्याकडे घर सहा महिने बंद ठेवलं तर काय होतं? धूळ साचते, कोळिष्टकं होतात, फार तर उंदीर शिरतात. दोन दिवस झाडलोट केली की घर पूर्वीसारखं. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला की वर्ष बरं गेलं म्हणतो. सिंधुदुर्गात सरासरी 3000 मिलिमीटरच्या पुढे, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. तिथलं कौलारू घर हे रोज लक्ष द्यावं लागणारं घर आहे. वाऱ्याने एक कौल सरकतं, माकड उडी मारून एक फोडतं. घरात माणूस असेल तर रात्रीच थेंबाचा आवाज येतो, खाली पातेलं ठेवलं जातं, सकाळी कुणीतरी वर चढून कौल सारखं करतो. पाच मिनिटांचं काम. घरात कुणी नसेल तर तोच थेंब चार महिने एकाच वाशावर पडत राहतो. वेंगुर्ल्यात असंच एक मुंबईकर कुटुंबाचं घर मी बघितलं. तीन पावसाळे बंद होतं. मुळात सरकलेली कौलं दोन. मी गेलो तेव्हा आढ्यापासून भिंतीपर्यंतचे सात वासे कुजले होते, भिंतीचा माथा चिखलासारखा झाला होता आणि माजघरातल्या फळीच्या कपाटात वाळवीने वरपर्यंत माती चढवली होती. माणसं चांगली होती, पैसाही होता. जुलैत घरात कुणी नव्हतं, एवढंच.

नुसतं छप्परच नाही. समुद्राच्या वाऱ्याबरोबर मीठ येतं, भिंतीत मुरतं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाझरतं ना, तेच भिंतीच्या आत चालू असतं. तिथे जून ते सप्टेंबर आर्द्रता या आकड्याच्या बरीच वर असते. म्हणजे कुठेही गळत नसतानासुद्धा भिंत ओली राहते. त्यावर उपाय म्हणजे रोज थोडं ऊन, वारा, चुलीची धग. जुनी माणसं माजघराला लागून चूल ठेवत, तिचा धूर कौलांतून जाई आणि वासे कोरडे राहत, धुरामुळे किडाही कमी लागे. आता चूल नाही, निदान खिडक्या उघडणारं माणूस तरी हवं.

म्हणून पहिला निर्णय हा घ्या : पावसाळ्यात तुम्ही स्वतः तिथे राहणार, की शेजारच्या वाडीतलं एखादं भरवशाचं कुटुंब रोज घर उघडणार? दुसरा पर्याय वाईट नाही. माझ्या ओळखीतली तीन घरं त्यावर उत्तम टिकून आहेत. पण ते माणूस आधी शोधा, त्याचा महिन्याचा मोबदला खर्चात धरा, मग घर. यातलं काहीच जमणार नसेल तर ते घर घेऊ नका असंच मी सांगेन.

पर्यटकांना खोल्या देण्याच्या बेतातही एक गाठ आहे. मालवणला पर्यटक येतात ते दिवाळी ते नववर्ष आणि पुन्हा एप्रिल-मेमध्ये. तुम्हाला स्वतःला राहावंसं वाटेल तेही हेच महिने. उरलेल्या काळात, म्हणजे पावसाळ्यात, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी होडी बंद असते, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, बाजार थंड असतो. म्हणजे खोल्या भरतील तेव्हा घर तुमचं राहणार नाही, आणि घर तुमचं असेल तेव्हा खोल्या भरणार नाहीत. काही जोडप्यांना माणसांची ये-जा आवडते, त्यांचं छान चालतं. राज्याच्या पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजनाही आहे. पण शांततेसाठी जाताय आणि पैसेही त्यातूनच सुटायला हवेत, या दोन गोष्टी एकाच घरात जुळवणं अवघड आहे.

आता ठेकेदाराच्या सल्ल्याकडे येतो. यातलं माझं मत ठाम आहे आणि ते मी स्वतः चूक करून कमावलंय.

मालवणात माझं पहिलं काम मी सोलापूरच्या सवयीने केलं. ओल आलेली जांभ्याची, म्हणजे तिथल्या लाल चिऱ्याची भिंत, जुना चुन्याचा गिलावा पोपडे धरलेला. मी तो काढला आणि चांगला दाट सिमेंटचा गिलावा चढवला, वर रंग. घरमालक खूश, मीही खूश. चौथ्या वर्षी त्यांनी बोलावलं. एप्रिलचा महिना, बाहेर कडक ऊन. भिंतीवर बोटाने टकटक केलं तर पोकळ आवाज. छिन्नी घातली आणि दोन हात लांबीचा गिलाव्याचा तुकडा पापडासारखा सुटून हातात आला. त्याच्या मागच्या अंगाला कापसासारखे पांढरे मिठाचे तंतू होते. आणि मागचा चिरा, जो खाणीतून काढल्यावर वर्षानुवर्षं हवेत घट्ट होत गेलेला असतो, तो नखाने खरवडला तरी लाल भुकटी पडत होती. भर एप्रिलमध्ये ती भुकटी हाताला ओली लागली.

कारण समजलं की गोष्ट सोपी आहे. जांभा हा छिद्रांचा दगड. तो पाणी पितो आणि सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला सोडू देतो. लोणा, म्हणजे मिठाचा थर, लागतो तो गिलाव्याला लागतो, दहा-पंधरा वर्षांनी गिलावा खरवडून नवा करायचा, दगड शाबूत. सिमेंटचा थर पाणी बाहेर येऊ देत नाही, मग मीठ दगडाच्या आत, गिलाव्याच्या मागे जमतं, त्याचे खडे फुगतात आणि दगडाचीच भुकटी करतात. आपल्या सोलापूरच्या काळ्या पाषाणाला हा त्रास फारसा होत नाही, तो पाणी पीतच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून इकडचे गवंडी आणि इकडचा अनुभव तिकडे लागू पडत नाही. त्या घरमालकांचं काम मी नंतर स्वतःच्या खर्चाने चुन्यात करून दिलं. पण जे चिरे गेले ते गेले.

तेव्हा सिमेंटचा गिलावा नको. आधीच कुणी केलेला असेल तर तो काढा, भिंत एक पूर्ण हिवाळा उघडी ठेवा, साचलेलं मीठ कोरड्या ब्रशने झाडत राहा (पाण्याने धुऊ नका, मीठ परत आत जातं), आणि मग चुना. चुन्यात नदीचीच वाळू, धुतलेली. खाडीची वाळू स्वस्त पडते आणि ती घालणारे लोक आहेत. एक चमचा वाळू पेलाभर स्वच्छ पाण्यात ढवळून ते पाणी टीडीएस मीटरने, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या छोट्या यंत्राने, आधी आणि नंतर मोजा, आकडा कितीने चढला ते लगेच कळतं.

स्लॅबचं म्हणाल तर दोन गोष्टी आहेत. एक वजनाची. मंगळुरी कौलांचं छप्पर रिपांसकट चौरस मीटरला साधारण 65 किलो भरतं. पाच इंची स्लॅब तेवढ्याच जागेला 300 किलोच्या वर. जवळजवळ पाचपट. त्या भिंती नव्वद वर्षांपूर्वी मातीच्या नाहीतर चुन्याच्या सांध्यांत बांधल्यात, पाया बघितल्याशिवाय त्यांच्यावर एवढा भार टाकायचा निर्णय कुणी घेऊ नये. दुसरी गोष्ट लोखंडाची. काँक्रीटमध्ये मीठ शिरलं की सळई गंजते, गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. समुद्राच्या हवेत उघडं काँक्रीट असेल तर आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे निदान एम 30 दर्जाचं काँक्रीट आणि सळईवर 45 मिलिमीटर आवरण लागतं. गल्लीतल्या कामांवर मी पट्टी लावून बघितलंय, अनेक ठिकाणी 20 मिलिमीटरसुद्धा मिळत नाही. पंधरा-वीस वर्षांत खालून पोपडे पडायला लागतात. आणि कोकणात फिरताना एक गोष्ट तुम्हीही बघितली असेल : लोकांनी स्लॅब टाकलाय आणि तो गळतो म्हणून वर लोखंडी कैची उभारून पत्रा घातलाय. म्हणजे शेवटी उतरतं छप्पर आलंच.

स्लॅबच्या बाजूनेही एक मुद्दा आहे, तो लपवत नाही. वादळ. मे 2021 मध्ये तौक्ते सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा मी मालवणातच होतो. त्या रात्री स्लॅबच्या घरातली माणसं जास्त निश्चिंत होती. पण दुसऱ्या दिवशी मी जे बघितलं ते असं : कौलारू घरांची कडेची, आढ्याजवळची कौलं उडाली होती, बरीचशी आठ-दहा दिवसांत परत बसली. नुसत्या पत्र्याची छपरं पूर्णच्या पूर्ण गेली होती. आणि खरं मोठं नुकसान घरावर पडलेल्या झाडांनी केलं. तुमच्या त्या घराच्या नैऋत्येला माड किंवा जुना आंबा घराकडे कललेला असेल तर सगळ्यात आधी त्याचं बघा. शिवाय कडेच्या दोन आणि आढ्याजवळच्या एका ओळीतली कौलं तांब्याच्या तारेने बांधून घ्या. घरातली एक खोली, शक्यतो मधली, वर फळ्यांचा माळा घालून भक्कम करा. एवढ्यावर वादळाची रात्र निघते.

लाकडाबद्दल थोडक्यात. वाशांची भिंतीवर टेकलेली टोकं स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा, विशेषतः समुद्राकडच्या बाजूची. दोन बोटं आत गेला तर तो वासा बदलायचा. फणस, साग, किंजळ यांचं जुनं लाकूड असेल तर पुष्कळसं वाचतं, फक्त टोक कापून नवा तुकडा सांधता येतो. सगळं छप्पर उतरवा म्हणणाऱ्याला आधी प्रत्येक वासा खडूने खुणा करून दाखवायला लावा.

दर मे महिन्यात घर शाकारावं लागेल, म्हणजे कौलं उतरवून, झाडून, फुटकी बदलून परत चढवायची. हे बघायला मला आजही आवडतं. कौलं काढणारा म्हातारा कारागीर प्रत्येक कौल उचलतो, बोटाच्या पेराने एक टिचकी मारतो आणि कानाजवळ धरतो. टणक आवाज आला की उजवीकडे, बद्द आवाज आला की डावीकडे. दीड-दोन हजार कौलं तो अशी ऐकतो. आमच्या घरी आजोबा मृगाआधी माळवदावर पांढरी माती पसरून, पाणी मारून धुमसून घ्यायचे. मला त्यांचीच आठवण होते. आपल्या वडिलांच्या पिढीने ते काम सोडलं आणि माळवदं पडली. तिथे शाकारणी सोडली की तेच होतं. कारागीर आता कमी उरलेत, त्यामुळे मेच्या कामासाठी मार्चमध्येच सांगून ठेवावं लागतं.

कागदपत्रांकडे वळतो, कारण माझ्या बघण्यात घरापेक्षा कागदांनी माणसं जास्त पोळली आहेत. कोकणात एका घरावर दहा-वीस वारसांची नावं असणं ही नेहमीची गोष्ट. दोघं मालवणात, पाच मुंबईत, एक बडोद्याला, एकाचा पत्ताच नाही. तुमच्याशी बोलणारा माणूस प्रामाणिक असेल, तरी त्याला एकट्याला विकायचा हक्क आहे का ते वेगळं. गाव सिटी सर्व्हेत असेल तर मिळकत पत्रिका, नसेल तर सातबारा आणि जुने फेरफार काढा. इतर हक्कांच्या रकान्यात कूळ म्हणून कुणाचं नाव आहे का ते वाचा. घर एकाचं आणि खालची जमीन दुसऱ्याची असाही प्रकार तिथे आढळतो. घरपट्टी नावावर आहे म्हणजे मालकी आहे असं होत नाही. तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध, तिथल्या वकिलाकडून करून घ्या, सोलापूरच्या ओळखीच्या वकिलाकडून नको. तिथल्या वहिवाटी, घराण्यांचे वाटे, भाऊबंदकी हे सगळं तिथल्या माणसालाच कळतं. घराबरोबर माडांची बाग मिळत असेल आणि ती शेतजमीन म्हणून नोंदलेली असेल, तर महाराष्ट्रात ती शेतकऱ्यालाच विकत घेता येते. तुमच्या किंवा यजमानांच्या नावावर सोलापूर जिल्ह्यात कुठे शेती असेल तर तो उतारा कामी येईल. नसेल तर हे आधीच स्पष्ट करून घ्या.

वाट आणि विहीर यांचे हक्क खरेदीखतात लिहून घ्या. पाणंद कुणाची, विहिरीवर आणखी कुणाचं पाणी भरायचं आहे का, तेही. शेजारी तुम्हाला कदाचित सांगतील की या जागेच्या राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, वर्षातून एकदा नारळ ठेवायची आणि गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घालायची रीत आहे. ती मोडू नका. मी स्वतः प्रत्येक कामाच्या आधी ते करत आलोय. त्या निमित्ताने वाडीतली माणसं तुमच्या अंगणात येतात आणि पुढे अडीनडीला तीच धावतात.

किनारपट्टी नियमांबद्दल, म्हणजे सीआरझेडबद्दल, लोक अंतर विचारतात. नुसत्या अंतरावर ते ठरत नाही. 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे भरती रेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा त्यात येतो, आणि त्यात शहरी वस्ती, दाट लोकवस्तीचं गाव, विरळ गाव यांचे नियम वेगवेगळे आहेत. खाडीकाठाचं गणित आणखी वेगळं. तुमचा सर्व्हे नंबर मंजूर नकाशावर कुठे पडतो ते नगरपरिषदेतून लेखी घ्या. असलेल्या अधिकृत घराची त्याच जोत्यावर, तेवढ्याच क्षेत्रात दुरुस्ती करणं सहसा जमतं. मजला चढवणं, मागे खोल्या काढणं यासाठी परवानगी गृहीत धरून पैसे देऊ नका.

पाणी. सोलापूरची माणसं मला हमखास म्हणतात, तिथे एवढा पाऊस, पाण्याचा काय प्रश्न? आपण चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येण्याची सवय असलेली माणसं, आपल्याला तिकडची हिरवळ बघून भुरळ पडते. पण जांभा पाणी धरून ठेवत नाही. फेब्रुवारीनंतर बऱ्याच विहिरी तळाला जातात. किनाऱ्याजवळ आणखी एक भानगड आहे. तिथे जमिनीखाली समुद्राचं खारं पाणी असतं आणि पावसाचं गोडं पाणी हलकं असल्याने त्याच्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक फूट असेल तर खाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी असतं असा ढोबळ हिशेब. म्हणजे उपसा करून वरची पातळी एक फूट उतरवली की खालून खारं पाणी चाळीस फूट वर सरकू पाहतं. मालवणच्या समोर, चहूबाजूंनी समुद्र असलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी आहेत. त्या साडेतीनशे वर्षं गोड राहिल्या कारण तिथे माणसं घागरीने पाणी काढत आली. तिथे कुणी दहा अश्वशक्तीचा पंप बसवला नाही. तुमच्या शेजारी चार हॉटेलांनी बोअर मारल्या असतील तर तुमची विहीर आज गोड असूनही पाच वर्षांनी मचूळ होऊ शकते. म्हणून विहिरीचं पाणी दिवाळीत चाखून उपयोग नाही, मेच्या शेवटच्या आठवड्यात चाखा आणि टीडीएस मोजा. पिण्याच्या पाण्याला लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत उत्तम, दुसरं पाणीच नसेल तर 2000 ही शेवटची मर्यादा. त्याच्या पुढे असेल तर नगरपरिषदेचा नळ आणि पागोळ्यांचं पाणी साठवणारी टाकी यावरच हिशेब मांडा.

राहणं मानवेल का, याचं उत्तर माणसागणिक बदलतं, तरी काही गोष्टी प्रत्येक सोलापूरकराला लागतात. आपला कूलर इथेच ठेवून जा. तो कोरड्या हवेवर चालतो. तिथल्या हवेत पाणी आधीच भरलेलं, मग कूलर नुसता खोली दमट करतो. तिथलं 33 अंश आपल्या 42 पेक्षा अंगाला जड वाटतं, पहिलं वर्ष घामाने जीव मेटाकुटीला येतो, दुसऱ्या वर्षी शरीर शिकतं. ज्वारीचं पोतं नेऊ नका, महिन्यापुरती न्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर जुलैत पोरकिडे होतात. माझ्या बायकोने पहिल्या वर्षी कौतुकाने कडक भाकरीची चवड नेली होती. पावसात दुसऱ्या दिवशी ती चामड्यासारखी वातड झाली. शेंगांची चटणी थोडी थोडी कुटून घ्यावी लागते. महत्त्वाचे कागद, दाखले, फोटो सोलापुरातच राहू द्या, बुरशी धरते. बिजागऱ्या, कड्या पितळेच्या घ्या. स्टेनलेस स्टील वापरायचंच असेल तर 304 दर्जाचं नको, कमी गंजणारं 316 मागा. तुमच्या घरी शाकाहार असेल तर मेमध्ये त्या गल्लीत मासळी सुकत असताना दोन दिवस राहून बघा. त्या वस्तीचं ते पोट आहे, आपण तिथे मागाहून आलेले.

आणि यजमानांची तब्येत. हे मी शेवटी लिहितोय, पण माझ्या लेखी हे स्लॅबच्या आधी येतं. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, तरी हृदयाचं गंभीर काही झालं तर तिकडची माणसं बहुधा गोव्याला, बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात नेतात. मालवणहून अडीच-तीन तास. दुसरा रस्ता कोल्हापूर, पण मध्ये घाट, आणि पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद पडतो. सोलापुरात तुम्ही हृदयाच्या दवाखान्यापासून वीस मिनिटांवर राहता. त्यांच्या डॉक्टरांना नकाशावर हे अंतर दाखवून सरळ विचारा. ते हो म्हणाले तर कुठल्या गोळ्या घरात ठेवायच्या, कोणाला फोन करायचा, गाडी कोण चालवेल, हे लिहून भिंतीवर लावा. ते नको म्हणाले तर मग मला तुम्ही घर दाखवूच नका, मी त्यावर काही बोलणार नाही.

माझ्या मते तुम्ही हे वर्ष असं घालवावं. मार्चनंतर लगेच खरेदी करू नका. मे अखेरीस जा, विहीर बघा, कागद मागा, वाशांना टोचून बघा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्याच वस्तीत भाड्याने खोली घ्या. भर जुलैत, सलग पाच दिवस पाऊस लागलेला असताना आणि वीज गेलेली असताना, त्या घरापर्यंत छत्री घेऊन चालत जा. आत भिंतीला कमरेच्या उंचीवर तळहात लावा. ओलीची रेघ जमिनीपासून किती वर आली आहे ते बघा. अंगणात कुणी फरशी किंवा पेव्हर घालून बाहेरची पातळी जोत्याच्या जवळ आणली असेल तर पाणी भिंतीत शिरतंय, आणि ते नुसतं अंगण खणून खाली केलं तरी निम्मी ओल जाते. हे त्या ठेकेदाराने तुम्हाला सांगितलं नसेल. तेव्हाही ते घर हवंसं वाटलं, तुम्हा दोघांनाही, तर दसऱ्याला बोलणी करा. चुन्याचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच होतं, त्याला सावकाश वाळायला वेळ लागतो, आणि छपराचं काम मार्च-एप्रिलमध्ये. घाईने मेमध्ये चुना मारला तर पहिल्या झडीला धुऊन जातो.

मे अखेरीस जाल तेव्हा समुद्राकडच्या भिंतीचा आतून आणि बाहेरून एकेक फोटो काढा. कुठे गिलावा सुटलेला असेल तर तिथला चिरा नखाने खरवडून बघा, भुकटी पडते का आणि हाताला ओली लागते का ते. आणि विहिरीचं पाणी स्वतः पिऊन बघा. या तीन गोष्टी मला कळवा, मग भिंत वाचेल की नाही ते मी नक्की सांगू शकेन.